राउटर तुमचा, चावी तुमची, मग अपडेट आम्ही कुठून करायचं? गोव्यातल्या इंटरनेटवाल्यांना खुलं पत्र

गोव्यातल्या सगळ्या लहानमोठ्या फायबर कंपन्या, केबलवाले बाब आणि गावागावात त्यांची फ्रँचायझी चालवणारी आमचीच पोरं, तुम्हा सगळ्यांना डिचोलीहून नमस्कार.

मी इथे बाजारात कॉम्प्युटर रिपेरिंगचं छोटं दुकान चालवतो. पूर्वी लॅपटॉप, प्रिंटर असलं काय काय यायचं, आता पावसाळा लागला की काउंटरवर राउटरच राउटर. मृगाचा एक गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी दोघं-तिघं पिशवीत राउटर घेऊन उभे, "रात्रीच्या विजेनं गेला वाटतं, बघा जरा". उघडला की कधी आत काळं पडलेलं असतं, कधी मुंग्यांनी अंडी घातलेली, एकदा तर पालीचं पिल्लू बोर्डावर वाळून चिकटलेलं. ते राहू दे, वीज आणि मुंग्या तुमच्या हातात नाहीत, त्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही.

मी लिहितोय ते चालू राउटरांबद्दल. दिवे हिरवे, स्पीड फुल, गिऱ्हाईक खूश, आणि आतला कारभार भलत्याच कोणाच्या हातात.

गेल्या चवथीला काय झालं ते सांगतो. आमच्या वाड्यावरच्या एक मावशी आहेत, घर मोठं, चवथीला पुण्याहून मुंबईहून सगळे येतात, म्हणजे एका वायफायवर तेरा-चौदा फोन. मावशींची तक्रार अशी की घरचं वायफाय लावलं की फोनवर आरती शोधायला गेलं तरी लॉटरीची पानं उघडतात, कधी "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असं लाल लाल येतं, आणि मोबाइल डेटावर गेलं की सगळं सरळ. मुलगा त्यांचा आयटीत, त्याला वाटलं फोनलाच काहीतरी लागलंय, त्याने दोन फोन पुसून कोरे केले, फोटो गेले ते गेले. मग नातीच्या टॅबवरही तेच यायला लागलं तेव्हा मला बोलावलं. मी नेवऱ्यांच्या आशेने गेलो हे कबूल करतो.

राउटर माटोळीच्या मागे कपाटावर होता, वर सुपारीचे घड लोंबतायत, खाली तो. १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं, नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आत गेलो. तुमच्याच माणसाने तीन वर्षांपूर्वी बसवताना जसा ठेवला तसाच. डीएनएसच्या जागी दोन अनोळखी आकडे भरलेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीएनएस म्हणजे नेटची टेलिफोन डिरेक्टरी, तुम्ही बँकेचं नाव टाकता आणि ती तुम्हाला बँकेचा खरा नंबर देते. कोणी ती डिरेक्टरीच बदलून ठेवली तर तुम्ही नाव बरोबर टाकूनसुद्धा चुकीच्या दारात जाता, आणि फोन कितीही वेळा पुसला तरी काही फरक पडत नाही कारण घाण फोनमध्ये नाहीच. पुढचं पान उघडलं तर बाहेरून कंट्रोल करायची सोय चालू, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, तीही चालू, आणि फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख २०१७. अपडेटचं बटण होतं, पण राखाडी. दाबलं जात नाही. खाली बारीक अक्षरात, ही सेवा तुमच्या ऑपरेटरकडे आहे.

ऑपरेटर म्हणजे तुम्ही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

कोणती कंपनी ते लिहीत नाही, कारण दुकानात मी तुमच्यातल्या पाच-सहा जणांचे डबे बघतो आणि त्यात फारसा फरक नाही. तर कस्टमर केअरला फोन लावला, तक्रार नोंदवली, उत्तर आलं रिसेट करा. केलं. रिसेट केल्यावर पासवर्ड परत काय झाला? ॲडमिन. लॉगिन बदलून ठेवलं तर रात्री तुमच्या सिस्टीमने परत आपली सेटिंग ढकलली आणि परत ॲडमिन. चौथ्या दिवशी लॉटरी परत सुरू. दुसरी तक्रार केली तेव्हा एक पोरगा स्कूटरवरून भर पावसात रेनकोट घालून आला, बिचारा सभ्य, त्याला दिवसाला किती घरं करायची असतात ते मला माहीत आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्याने राउटर बदलून दिला. तेच मॉडेल, कोणाकडून तरी परत आलेलं, पुसलेलंसुद्धा नाही, आत एका पोदेराच्या बेकरीचं वायफायचं नाव आणि पासवर्ड तसाच. आणि फर्मवेअर आधीच्यापेक्षाही जुनं!

आता तुम्ही म्हणाल एखादा डबा बिघडला म्हणून एवढं काय. म्हणून जरा मागचं सांगतो, कारण ही कीड आजची नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या लोकांनी घरगुती राउटरांमधलं एक भोक दाखवलं, नाव दिलं मिसफॉर्च्युन कुकी. १८९ देशांत मिळून सुमारे १.२ कोटी यंत्रं त्यांना उघडी सापडली. राउटरच्या आत सेटिंगची पानं दाखवणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्यात चूक होती. पण मला त्यातली खरी गोष्ट वेगळीच वाटते. ती चूक बनवणाऱ्या कंपनीने २००५ मध्येच दुरुस्त केली होती. नऊ वर्षं औषध तयार होऊन पडलेलं, आणि डबे बनवणारे जुनाच माल भरत राहिले, विकणारे विकत राहिले, आणि घरात बसल्यावर तर कोणी ढुंकूनही बघितलं नाही. २०२१ मध्ये रिअलटेकच्या चिपबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसंच निघालं, किमान ६५ कंपन्यांच्या डब्यांत ते एकच सॉफ्टवेअर. बाहेर स्टिकर वेगवेगळे, आत खिचडी एकच. म्हणजे चिपवाला दुरुस्त करतो, मग डबेवाल्याने ते उचलायचं, मग तुम्ही तपासायचं, मग आमच्या घरात यायचं, या चार हातांतून जाता जाता ते कुठे तरी राहतं, आणि माझा अनुभव असा की बहुतेक वेळा ते शेवटच्या दोन हातांच्या मध्ये राहतं.

फायबरचे डबे नवीन असतात म्हणून ठीक असंही समजू नका. २०१८ मध्ये एका जातीच्या जीपॉन, म्हणजे फायबरवर चालणाऱ्या, राउटरमध्ये असं सापडलं की सेटिंगच्या पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून इमेजेस हा शब्द लिहिला की पासवर्ड विचारतच नाही, सरळ आत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. एवढं मोठं दार, कुलूपपट्टी, आणि बाजूने कुंपणच नाही.

आणि आमच्या शेजारचं विसरलात का? जुलै २०१७, कर्नाटक, बीएसएनएलच्या ब्रॉडबँडचे हजारो मोडेम मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, बंद पाडले, कारण काय तर कंपनीतून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. मग लोकांना सांगत फिरावं लागलं की पासवर्ड बदला. कारवारच्या पलीकडेच झालं हे, अमेरिकेत नाही.

तुमच्या ऑफिसात एक हुशार इंजिनिअर असतो, तो नेहमी म्हणतो की आमचे गिऱ्हाईक सगळे सीजीनॅटच्या मागे आहेत, बाहेरून कोणाला राउटर दिसतच नाही. अर्धं खरं आहे. सीजीनॅट म्हणजे अख्खा वाडा एकाच दिंडी दरवाज्यातून ये-जा करतो तसं, बाहेरच्याला कोणाचं घर कुठलं ते कळत नाही. पण मावशींच्या घरातल्या फोनवर एखादं भलतं पान उघडलं तर ते पान त्या फोनच्याच हाताने १९२.१६८.१.१ ला जाऊन ॲडमिन ॲडमिन करू शकतं, बाहेरून यायची गरजच नाही. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, दिलीत तर प्रत्येक घराला आपला पत्ता मिळतो आणि राउटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला अडवणारी भिंत, नीट नसेल तर सीजीनॅटचा आडोसा तिथे संपला. आणि वाड्याच्या आत, म्हणजे तुमच्याच नेटवर्कमध्ये, एका घराचा डबा दुसऱ्या घराच्या डब्याला बोलू शकतो का हे तुम्ही कधी तपासलंय का ते विचारा त्या इंजिनिअरला.

डब्ल्यूपीएसचं तर मी तिसऱ्यांदा सांगतोय तुमच्या लोकांना. आठ आकड्यांचा पिन, वाटतं कोट्यवधी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिला तुकडा बरोबर की चूक ते आधीच सांगून टाकतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० वेळा प्रयत्न करायचे की झालं. हे २०११ मध्ये जगाला कळलं. अजूनही डबा येतो तेव्हा ते चालू असतं, आणि वायफायचा पासवर्ड तुमचा माणूस गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टाकून जातो, जो दारावरच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे छापलेला असतो.

हे सगळं होऊन आमचं काय जातं, जाहिरातीच तर येतात, असं म्हणणारेही भेटतात मला दुकानात. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर गोळा करून डाइन नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेत मोठमोठ्या साइट्स तासन्‌तास बंद होत्या, आणि मिराईकडे होतं काय तर साठ-बासष्ट तयार पासवर्डांची यादी, बस. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्तासुद्धा नव्हता. आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेत दोन साइट बंद केल्या, त्या अशा जुन्या, अपडेट बंद झालेल्या राउटरांमधून वाट काढून ती वाट भाड्याने द्यायच्या. भाडेकरू चोरी करणार आणि नोंद कोणाच्या नावावर, तर राउटरवाल्याच्या. उद्या रायबंदरच्या सायबर पोलिसांनी मावशींच्या दारात येऊन विचारलं की तुमच्या कनेक्शनवरून हे काय झालं, तर त्या काय सांगणार, चवथीला नातवंडं आली होती?

मांद्र्याला माझं एक गिऱ्हाईक आहे, सहा खोल्यांचा होमस्टे. वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला, दर दोन दिवसांनी नवे पाहुणे, त्यांचे कोणते कोणते फोन, आणि त्याच नेटवर्कवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मालकाचा हिशोबाचा कॉम्प्युटर, सगळं एकाच ताटात. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायची सोय त्या राउटरमध्ये आहे, मी बघितली, पण तेही बटण राखाडी. मी म्हटलं तुमचा डबा नुसता ब्रिज करून द्या, म्हणजे तो फक्त लाइन पुढे सोडेल, मी पुढे माझा चांगला राउटर लावतो. तुमच्याकडून उत्तर आलं पॉलिसीत नाही. म्हणजे स्वतःही करणार नाही आणि दुसऱ्याला करूही देणार नाही.

आता तुम्ही अपडेट करू शकता की नाही, यावर कोणी मला सांगू नका की घरोघरी जावं लागेल, एवढी माणसं नाहीत. मागच्या महिन्यात मी वायफायचं नाव बदलायला कस्टमर केअरला फोन केला होता तेव्हा पलीकडच्या बाईंनी कुठे तरी लांब बसून दोन मिनिटांत ते बदलून दिलं, मी राउटरला हातसुद्धा लावला नाही. ती टीआर-०६९ ची वाट आहे, तुमच्या सर्व्हरकडून प्रत्येक डब्यापर्यंत जाणारी. त्याच वाटेने फर्मवेअरही जातं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमचे ९ लाखांच्या आसपास गिऱ्हाईक बंद पडले होते, कारण हीच देखभालीची वाट, ७५४७ नंबरचा पोर्ट म्हणजे दरवाजा, त्यांनी सगळ्या जगाला उघडा ठेवला होता आणि मिराईचा एक भाऊबंद येऊन तिथे धडका मारत होता. मग त्यांनी काय केलं, नवीन फर्मवेअर तयार केलं आणि लोकांना सांगितलं राउटरची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा, तो स्वतःच नवीन उतरवून घेईल. नऊ लाख घरं. आणि आमच्या डिचोली तालुक्यात तुमची किती असतील?

मी एक साधी गोष्ट मागतोय, आणि ती तुमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आधीच आहे. गॅसचा सिलिंडर. तो आपला नसतो, कंपनीचा असतो, आपण डिपॉझिट भरतो. त्याच्या वरच्या कड्याखाली जी उभी पट्टी असते तिच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. डी २७ म्हणजे २०२७ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये त्याची परत टेस्ट करायची. ती टेस्ट कोण करतं? कंपनी. आमच्या मावशींना कोणी सांगत नाही की वाल्व्ह तुम्हीच तपासून घ्या, आणि हो, पाना आम्ही देणार नाही.

राउटरचंही तसंच करा. डब्याच्या खाली स्टिकर लावा, या डब्याला अमुक महिन्यापर्यंत अपडेट मिळणार. तारीख उलटली की तुमचा माणूस येऊन डबा बदलून नेईल, आणि नेलेला डबा पुसल्याशिवाय, नवीन फर्मवेअर टाकल्याशिवाय दुसऱ्या घरात जाणार नाही. मध्ये जे अपडेट येतील ते पहाटे तीनला ढकला, तेव्हा आमच्याकडे पोदेरसुद्धा उठलेला नसतो, आणि सकाळी एक मेसेज पाठवा, अपडेट केलं म्हणून. बिलावर मॉडेल आणि फर्मवेअरचा नंबर छापा. जाहिराती छापायला बिलावर जागा असते, एक ओळ यालाही होईल. आणि ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक डब्याला वेगळा, तो गिऱ्हाइकाने बदलला तर तुमच्या सिस्टीमने परत उलटा फिरवायचा नाही. ७५४७ फक्त तुमच्या सर्व्हरसाठी उघडा, बाकी जगाला बंद. ज्याला स्वतःचा राउटर लावायचाय त्याला ब्रिज करून द्या, असे गावात पाच-दहाच असतील, त्यांच्याने तुमचं काही बुडणार नाही.

हे मी माझ्या मनाचं काढलेलं नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा आहे, सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही आणि अपडेट किमान किती काळ मिळणार ते आधीच सांगावं लागतं. युरोपातही तसा कायदा झालाय, डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल, तिथे साधारण पाच वर्षं तरी दुरुस्त्या द्यायच्या असं आहे. आपल्याकडे २०१७ पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, बॉटनेटमध्ये, म्हणजे चोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीत, सापडलेल्या कनेक्शनांची माहिती तिथून इंटरनेट कंपन्यांकडे येते, ती पुढे गिऱ्हाइकाला कळवण्यासाठीच. माझ्या एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला असा मेसेज दाखवलेला नाही, आणि प्लॅन अपग्रेड करा असे मेसेज मात्र दिवसाला दोन.

फ्रँचायझीवाल्या पोरांनो, तुमची अडचण मला कळते. महिन्याच्या कनेक्शनमागे तुम्हाला काय उरतं, खांबावरची वायर पावसात तुटली की रात्री शिडी घेऊन कोण जातं, डबा मात्र वरून येतो तोच बसवावा लागतो. म्हणून दोन गोष्टी तुम्ही उद्यापासून करू शकता, वरच्या परवानगीशिवाय. बसवताना मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून टाकायचा नाही, आणि डब्ल्यूपीएस व बाहेरून कंट्रोल बंद करून यायचं, जिथे बटण राखाडी नसेल तिथे. दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला जमत नसेल तर दुकानात या, चहा पाजून दाखवतो.

आणि कंपन्यांनी मला उत्तर पाठवायची गरज नाही, मावशींना पाठवा. त्यांना सध्या माझा जुना एक राउटर लावून दिलाय, तो माझ्या घरी ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट मिळणारं खुलं फर्मवेअर टाकून चालायचा, तुमच्या डब्याच्या मागे दुसरा राउटर म्हणून लावलाय आणि डीएनएस त्याच्यातच बांधून टाकलंय. जुगाड आहे, चवथीपर्यंत चालेल. चवथीला परत तेरा-चौदा फोन येणार आहेत.

देव बरें करूं.

डिचोली बाजारातला एक रिपेरवाला

ता. क. पत्र लिहून होईपर्यंत मावशींच्या फोनवर तुमचा मेसेज आला, त्यांनी तो मला फॉरवर्ड केला. "तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या." मावशी विचारतायत, किती देऊ?